परदेशातल्या शाळेबरोबर वारशाचा प्रकल्प: प्रश्न कुणी ठरवायचे?

पत्र:

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. परदेशातल्या एका शाळेने आमच्याबरोबर सांस्कृतिक वारशावर वर्षभराचा प्रकल्प करायची तयारी दाखवली आहे. आमची मुलं १३ ते १५ वर्षांची, त्यांचीही तेवढीच. त्यांच्याकडून आराखडा तयार होऊनच आला. दर महिन्याला आम्ही आमच्या एका परंपरेचा व्हिडिओ पाठवायचा, त्यांची मुलं तो पाहून निबंध लिहिणार आणि वर्षाअखेरीस ऑनलाइन संमेलन होणार. अनुदान त्यांना मिळालं आहे. आमच्या मुख्याध्यापकांना नाच आणि वेशभूषा असलेला देखणा कार्यक्रम हवा आहे. पालक विचारतात, परीक्षेला याचा उपयोग काय? वर्गातली दोन-चार मुलंच इंग्रजी सफाईने बोलतात, बाकीची गप्प बसतील अशी भीती वाटते. त्यात एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्याकडच्या जुन्या वस्तू त्यांच्या संग्रहालयात आहेत. त्या तिथे कशा गेल्या हे त्यांना विचारू का?" मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. हा विषय काढला तर संबंध बिघडतील का? आणि मुळात या प्रकल्पाला हो म्हणावं का?

— एक शिक्षिका

उत्तर:

ताई, प्रकल्प जरूर घ्या. आराखडा मात्र आला तसा घेऊ नका. दोन्ही शाळांनी एकत्र बसून तो नव्याने करू या, असं त्यांना कळवा.

तुम्ही लिहिलेल्या बहुतेक अडचणींचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं. या प्रकल्पात काय शोधायचं, कुणाला काय विचारायचं, हे तुमच्या मुलांनी ठरवलेलं नाही आणि तुम्हीही ठरवलेलं नाही. ते ठरूनच आलं. एकाने दाखवायचं आणि दुसऱ्याने बघायचं अशी वाटणी एकदा झाली की मनात कितीही सद्भाव असो, दाखवणाऱ्याची हळूहळू प्रदर्शनातली वस्तू होते. तुमची मुलं वर्षभर आपल्या परंपरांचे सुबक तुकडे कापून पाठवत राहतील. समोरच्या मुलांच्या घरात, गावात, आठवणीत काय आहे याचा त्यांना पत्ताही लागणार नाही. नुकसान तिकडच्या मुलांचंही आहे. आपल्या रोजच्या वाटेवरच्या इमारतीबद्दल दुसऱ्या देशातलं कुणी प्रश्न विचारतं, तेव्हा आपण तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघतो. ही संधी या आराखड्यात त्यांना मिळतच नाही.

त्या शाळेच्या हेतूवर संशय घेऊ नका. अनुदानाच्या अर्जात कामांचं वेळापत्रक द्यावं लागतं, मुदत जवळ आलेली असते आणि मग ते एकट्यानेच भरलं जातं. तिकडच्या शिक्षकांनाही बोलायला कुणीतरी हवंच असेल. तुम्ही फक्त पाठवणाऱ्या राहिलात तर ते बोलणं होणार नाही.

या वयाची मुलं असं काही ठरवू शकतात का, असं मुख्याध्यापक विचारतील. त्यांना फ्रान्स आणि जर्मनीचं उदाहरण द्या. १८७० पासून पाऊणशे वर्षांत हे दोन देश तीनदा एकमेकांशी लढले. १९६३ मध्ये त्यांनी मैत्रीचा एलिझे करार केला आणि त्याच वर्षी दोन्हीकडच्या तरुणांची देवाणघेवाण चालवणारी संयुक्त संस्था उभी केली. कराराला ४० वर्षं झाली तेव्हा, जानेवारी २००३ मध्ये, बर्लिनमध्ये दोन्ही देशांतल्या सुमारे ५०० विद्यार्थ्यांची युवा संसद भरली. तिथे मुलांनी मागणी केली, की आम्हाला दोन्ही देशांत एकच इतिहासाचं पाठ्यपुस्तक हवं. सरकारांनी ती उचलून धरली आणि २००६ मध्ये पहिला खंड आला. मजकूर एकच, भाषा दोन. दोन्हीकडची दृष्टी जिथे वेगळी पडते, तिथे तो वेगळेपणाही लिहून ठेवला. वर्गांमध्ये या पुस्तकाचा वापर मर्यादितच राहिला, हे खरं. पण दोन देशांच्या इतिहासकारांना एका टेबलावर बसून एकाच मजकुरावर सहमत व्हावं लागलं, ते शाळकरी वयाच्या मुलांनी मागितलं म्हणून.

युनेस्कोलाही हे नवं नाही. जागतिक वारशावरचं तरुणांचं पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन त्यांनी १९९५ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन शहरात भरवलं. वारसा शिक्षणाच्या साहित्यात आज जगभर दिसणारा पॅट्रिमोनिटो हा छोटा नायक त्याच संमेलनात स्पॅनिश बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने कल्पिला. मोठ्यांनी ठरवून दिलेलं बोधचिन्ह नव्हे ते.

आता विषयाकडे वळू या, कारण प्रकल्प तरतो किंवा बुडतो तो इथेच. "आमचे सण", "आमचा पोशाख", "आमची नृत्यं" असे विषय घेतले की संभाषण "किती छान!" याच्या पुढे सरकत नाही. मी विषय निवडताना दोन गोष्टी बघेन. दोन्ही बाजूंकडे त्यात स्वतःचं सांगण्यासारखं काही असावं, आणि ज्याचं उत्तर दोघांकडेही तयार नाही असा एक प्रश्न त्यात असावा. पूल, अंगाईगीतं, मैदानी खेळ, विणकाम, जुनी मापं, आकाशातल्या ताऱ्यांवरून दिशा ओळखण्याच्या रीती, यांतला कुठलाही एक घ्या. एकच घ्या, आणि वर्षभर त्यालाच धरून राहा. बारा महिन्यांत बारा विषय म्हणजे बारा वरवरच्या भेटी.

समजा पूल घेतला. दोन्ही वर्गांनी आधी एका तिसऱ्याच पुलाचा अभ्यास करावा, म्हणजे सुरुवातीला कुणी यजमान नाही आणि कुणी पाहुणा नाही. बोस्निया-हर्झगोव्हिनातला मोस्तारचा पूल यासाठी फार चांगला. ऑटोमन काळात, १५६६ मध्ये, नेरेत्वा नदीवर एकाच कमानीचा हा दगडी पूल उभा राहिला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धातल्या तोफांच्या माऱ्याने तो नदीत कोसळला. पुढे युनेस्को, जागतिक बँक आणि इतर अनेकांच्या मदतीने, स्थानिक दगड वापरून, जुन्या पद्धतीने तो पुन्हा बांधला गेला. २००४ मध्ये तो खुला झाला आणि २००५ मध्ये भोवतालच्या जुन्या वस्तीसह जागतिक वारसा यादीत आला. आता मुलांना विचारा: हा तोच पूल आहे का? दगड नवे, गवंडी नवे, रूप मात्र जुनं. चारशे वर्षांपूर्वीचा म्हणायचा, की २००४ चा? जाणकारांमध्येही यावर वाद झालेले आहेत, त्यामुळे बरोबर उत्तर शिक्षकाच्या खिशात असल्याचा संशय मुलांना येणार नाही. मग दोन्हीकडच्या मुलांनी आपापल्या परिसरातली, कधीतरी पडलेली आणि पुन्हा उभी केलेली एखादी वास्तू शोधायची आणि तिच्याबद्दल समोरच्या गटाने प्रश्न काढायचे. आपल्या वास्तूबद्दलचे प्रश्न आपण काढायचे नाहीत, एवढा एक नियम ठेवा. उत्तरं शोधायला मुलं जुने फोटो धुंडाळतील, म्हाताऱ्या माणसांशी बोलतील, दुरुस्ती केलेल्या कारागिराला गाठतील. तुम्ही आणि मी सांगून ती एवढी हिंडणार नाहीत. तिकडच्या कुणाला तरी उत्तर द्यायचं आहे म्हणून हिंडतील.

खेळ घेतलात तर एक वेगळाच पेच हाती येतो. दक्षिण कोरिया आणि उत्तर कोरिया या दोघांनी एकाच पारंपरिक कुस्तीची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या (म्हणजे कला, खेळ, रूढी अशा जिवंत परंपरांच्या) यादीत नोंद व्हावी म्हणून वेगवेगळे प्रस्ताव दिले होते. २०१८ मध्ये दोघांच्या संमतीने ते एकत्र करण्यात आले आणि त्या कुस्तीची दोन्ही देशांच्या नावे एकच नोंद झाली. दोन कोरियांची अशी ती पहिलीच संयुक्त नोंद. ससाणे पाळून शिकार करण्याच्या कलेची नोंद २०१० मध्ये ११ देशांच्या नावे झाली होती. नवे देश जोडले जात २०२१ मध्ये ती संख्या २४ वर गेली. "हे आमचं" असं दोघं म्हणतात तेव्हा एकाने खोटं बोललंच पाहिजे असं नाही, हे मुलांना अशा उदाहरणांतून पटतं. या वयात ते पटलेलं बरं. पुढे प्रत्येक परंपरेवर मालकीचा शिक्का मारायची घाई करणारे पुष्कळ जण त्यांना भेटणार आहेत.

पैशाचं बोलायला तुम्हाला संकोच वाटतो हे पत्रातून जाणवलं. संकोच करू नका. अनुदान एका शाळेच्या नावावर असलं तरी काम दोघांचं आहे, म्हणून खर्चाची वाटणी सुरुवातीलाच लिहून घ्या. मला त्यात दोन गोष्टी अत्यावश्यक वाटतात. मुलांशी बोलायला, शिकवायला जे गायक, विणकर, गवंडी येतील त्यांना मानधन मिळालं पाहिजे. आणि मुलांनी केलेली ध्वनिमुद्रणं, फोटो, नकाशे यांवर दोन्ही शाळांचा सारखा हक्क असावा. ते कुठे ठेवले जातील आणि कोण वापरेल हेही ठरवून घ्या. ज्यांची परंपरा नोंदवायची त्यांची परवानगी आधी घ्या, आणि त्यांनी "हे चित्रित करू नका" म्हटलं तर ते मुलांनी मुकाट्याने मानावं. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या २००३ च्या करारात परंपरा जपणाऱ्या समूहांच्या सहभागावर एवढा भर आहे तो याचसाठी.

पैसा बाहेरून आला तरी जाणतेपण स्थानिक लोकांकडे राहू शकतं, याचा दाखला मालीमधल्या टिंबक्टूचा आहे. तिथली संतांची समाधिस्थळं सशस्त्र गटांनी २०१२ मध्ये पाडली. युनेस्को आणि इतर देशांनी मदत केली, पण मातीचं ते बांधकाम जाणणारे तिथले पारंपरिक गवंडीच होते. त्यांच्या हातून २०१५ पर्यंत १४ समाधिस्थळं पुन्हा उभी राहिली. तुमच्या प्रकल्पातही निधी त्यांचा आहे म्हणून प्रश्न त्यांचे, असं होण्याचं कारण नाही.

इंग्रजीची भीती मला तुमच्यापेक्षा कमी वाटते. समोरासमोरच्या ऑनलाइन भेटी कमी ठेवल्या की ती अर्धी जाते. तशाही दोन देशांच्या घड्याळांत त्या जुळवणं अवघडच. बहुतेक काम आधी करून पाठवण्याचं असू द्या: रेखाटनं, मोजमापं, नकाशे, आवाजाची मुद्रणं, उपशीर्षकं घातलेल्या मुलाखती. मुलांनी आपल्या भाषेतच काम करावं आणि भाषांतर चौघा-पाचांच्या गटाने मिळून करावं. सफाईने बोलणाऱ्या दोन-चार मुलांना मात्र कायमचे प्रवक्ते करू नका. बाकीच्यांना गप्प बसवायचा तो सर्वात सोपा मार्ग आहे.

पालकांच्या प्रश्नालाही खरं उत्तर आहे, ते टाळू नका. जागतिक वारसा यादीत स्ट्रुव्ह चाप नावाचं एक स्थळ आहे. नॉर्वेपासून काळ्या समुद्रापर्यंत २,८०० किलोमीटरहून अधिक लांब पसरलेली, मोजणीसाठी आखलेल्या त्रिकोणांची ही साखळी आहे. पृथ्वीचा आकार आणि आकारमान नेमकं कळावं म्हणून १८१६ ते १८५५ या काळात फ्रिडरिश गेओर्ग विल्हेल्म स्ट्रुव्ह या खगोलशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली ती मोजली गेली. तेव्हा ती दोनच राजवटींच्या हद्दीतून जात होती. आज ती १० देशांतून जाते, आणि त्या १० देशांनी मिळून २००५ मध्ये तिच्यातले ३४ बिंदू यादीत आणले. या बिंदूंच्या खुणा म्हणजे कुठे खडकात पाडलेलं भोक, कुठे लोखंडी क्रॉस, कुठे दगडांची रास. भूमिती, भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र एवढ्या एका उदाहरणात आलं. मुलांनी स्वतः दोरी आणि कोनमापक घेऊन मैदानावर असे त्रिकोण आखले, तिकडच्या मुलांनी त्यांच्या मैदानावर आखले आणि मापं ताडून पाहिली, तर गणिताच्या शिक्षकांना वेगळं समजवावं लागणार नाही. गुण किती वाढतील ते मी सांगणार नाही. पण मुलाखत घेणं, ऐकलेल्या गोष्टीला पुरावा शोधणं, दोन साधनं एकमेकांशी ताडून बघणं, हाच तर इतिहासाचा अभ्यास आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाबद्दल. मला तो तुमच्या पत्रातला सर्वात मोलाचा भाग वाटला. "बघू" म्हणालात, हरकत नाही. आता तिला नीट उत्तर द्या. विचारायचं का? हो, विचारायचं. पण पहिल्या महिन्यात नको आणि आरोपाच्या सुरात नको. समोरची मुलंही १३ ते १५ वर्षांचीच आहेत, त्यांनी काहीही उचलून नेलेलं नाही. दोन्हीकडच्यांनी एका बाजूला बसून त्या वस्तूची गोष्ट शोधायची, अशी मांडणी करा.

इथेही आधी तिसरीच गोष्ट घ्या. आजच्या नायजेरियात असलेल्या बेनिन राज्यावर ब्रिटिश फौजेने १८९७ मध्ये स्वारी केली आणि राजवाड्यातून पितळी शिल्पपट, हस्तिदंती कोरीवकाम अशा हजारो वस्तू नेल्या. विक्रीतून त्या अनेक देशांच्या संग्रहालयांत पोचल्या. २०२२ मध्ये जर्मनीने नायजेरियाशी करार केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात काही वस्तू प्रत्यक्ष परत नेऊन दिल्या. त्यानंतर, परत आलेल्या वस्तू कुणाच्या ताब्यात असाव्यात, राष्ट्राच्या संग्रहालयाच्या की राजघराण्याच्या, यावर खुद्द नायजेरियात चर्चा झाली. म्हणजे परत देणं हाही गोष्टीचा शेवट नसतो. मुलांना हे सगळं कळू द्या. सोपं करून सांगू नका. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा १९७० चा युनेस्को करार त्याआधीच्या घटनांना लागू होत नाही, हेही सांगा. "मग आधीचं काय?" हे मुलंच विचारतील.

नंतर तुमच्याकडची एक वस्तू निवडा, जी त्यांच्या शहरात किंवा देशात आहे. तिकडची मुलं संग्रहालयात जाऊन तिच्याखालची पाटी उतरवून घेतील आणि तिथल्या अभ्यासकाला भेटतील. तुमची मुलं ती वस्तू बनवणाऱ्यांच्या परंपरेत आज कोण आहे हे शोधतील. ती कुणी बनवली, कशासाठी, कुणाच्या हातून निघाली, विकली की भेट दिली की हिसकावली, आणि पाटीवर यातलं काय लिहिलेलं नाही, एवढं जमेल तितकं शोधायचं. शेवटी दोन्ही गटांनी मिळून त्या वस्तूसाठी नवी पाटी लिहायची. शंभर शब्दांत, दोघांना मान्य होईल अशी. एखाद्या शब्दावर एकमत झालं नाही तर तो मतभेद पाटीवरच नोंदवायचा. ही पाटी संग्रहालयाला पाठवा. त्यांनी लावली नाही तरी वाचतील, आणि मुलांना उत्तर यावं यासाठी दोन्हीकडच्या शिक्षकांनी पाठपुरावा करावा.

संबंध बिघडतील का, असं तुम्ही विचारता. विषय दडपलात तर त्या मुलीपुरता तरी प्रकल्प तिथेच संपेल, आणि वर्गातली बाकीची मुलं काय विचारायचं नाही ते शिकतील. तिकडच्या शिक्षकांना आधी एकदा फोनवर कल्पना द्या, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही आणि त्यांच्या पालकांना व मुख्याध्यापकांना सांगायला वेळ मिळेल.

तुमच्या मुख्याध्यापकांना कार्यक्रम हवा आहे, तर तो होऊ द्या. नाच आवडणाऱ्या मुलांनी नाचावं, त्यात काही वाईट नाही. मात्र त्याच दालनात मुलांचे नकाशे, मुलाखती, दोन्ही भाषांतली ती पाटी आणि परदेशी मुलांनी तुमच्या परिसराबद्दल विचारलेले प्रश्न मांडा. कोपऱ्यातल्या फळ्यावर नको, दालनाच्या मधोमध.

त्या शाळेला लिहिताना फार मोठं पत्र नको. आम्ही आनंदाने येतो. विषय एक असावा. दोन्हीकडच्या मुलांनी दोन्हीकडचं शोधावं. खर्च आणि साहित्याची मालकी लिहून ठेवू. पहिल्या नियोजनाच्या बैठकीत दोन्ही वर्गांची तीन-तीन मुलं असावीत. एवढं पुरे. मुलांचे चेहरे आणि नावं इंटरनेटवर टाकण्याबाबत पालकांची लेखी संमती आधी घ्यायची, हेही त्यातच लिहा.

त्यांनी नकार दिला, किंवा अनुदानाच्या अटींमुळे काहीच बदलता येत नाही म्हणाले, तर वर्षभराला बांधून घेऊ नका. एखादं सत्र करून बघा आणि मोकळ्या व्हा. भागीदार शोधण्याचे दुसरे मार्ग आहेत. युनेस्कोचं सहयोगी शाळांचं जाळं १९५३ पासून चालू आहे आणि आज १८० हून अधिक देशांतल्या १२,००० हून अधिक शिक्षणसंस्था त्यात आहेत. प्रवेश त्या-त्या देशाच्या राष्ट्रीय समन्वयकामार्फत मिळतो, म्हणून चौकशी आपल्या देशाच्या युनेस्को राष्ट्रीय आयोगाकडे करा. अर्जाला वेळ लागतो. तोवर मुलांनी आपली वास्तू, आपला खेळ किंवा आपली वस्तू निवडून काम सुरू करायला काहीच हरकत नाही, कारण प्रश्न विचारणारा जोडीदार मिळेल तेव्हा हाताशी जुने फोटो आणि दोन-चार मुलाखती असल्या की पहिल्याच आठवड्यात बोलणं सुरू होईल.